रविवारी हिरवळीला सुट्टी

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स म्हणजे गोल्फची पंढरी. पण या पंढरीत रविवारी खेळ बंद!

कारण मुळात धार्मिक. रविवार प्रभूचा, त्या दिवशी चर्चला जावे, खेळू नये, हा तिथला जुना दंडक. 1860च्या दशकापासून 1903पर्यंत हे मैदान राखणारा ओल्ड टॉम मॉरिस स्वतः श्रद्धाळू होता. त्याचा युक्तिवाद मात्र मिश्कील सांगितला जातो: खेळाडूंना विश्रांती नको असली, तरी मैदानाला हवी.

मग विश्रांती कुणासाठी? देवासाठी, माणसासाठी की मातीसाठी? बायबलमधल्या लेवीय या पुस्तकात दर सातव्या वर्षी शेत न पेरण्याची आज्ञा आहे. तिथे जमीनच शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा काळ, पाळते. टॉमचे म्हणणे त्यामुळे शास्त्राला फारसे सोडून नव्हते.

आणि मातीचे शास्त्रही तेच सांगते. सततच्या पावलांनी माती दबते, मुळांना हवा मिळत नाही, पाणी साचते. म्हणून हिरवळीला भोके पाडून वाळू पसरतात. वाळूचा हा उपाय टॉमनेच रूढ केला, असे मानतात. थंडीत गवताची वाढ जवळपास थांबते, फटक्याने उखडलेली जागा भरून येत नाही. तेव्हा खेळाडू छोटी चटई टाकून तिच्यावरून चेंडू मारतात.

नियमाला अपवाद आहेच. ‘द ओपन’ ही गोल्फस्पर्धा इथे भरली की अंतिम फेरी सहसा रविवारी होते. टीव्हीपुढे शब्बाथ नमतो. एरवी रविवारी गावकरी कुत्र्यांना घेऊन याच हिरवळीवर फिरायला येतात, फुकट.