दुभाष्याची परीक्षा

मिगेल लुना पेरेझ नऊ वर्षांचा असताना अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, स्टर्जिस गावच्या शाळेत दाखल झाला आणि विसाव्या वर्षापर्यंत तिथेच शिकला. तो कर्णबधिर. शाळेने त्याच्यासोबत वर्गात एक मदतनीस बसवली. मिगेलच्या तक्रारीनुसार तिला सांकेतिक भाषा येत नव्हती. पुस्तकात बघून ती खुणा शिकू पाहत होती. गुण मात्र उत्तम मिळत गेले. शाळा संपायला काही महिने उरले तेव्हा घरच्यांना कळलं, की त्याला पदविका मिळणार नाही, शाळा पूर्ण केल्याचा दाखला तेवढा मिळेल. २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाई मागण्याची त्याची वाट एकमताने मोकळी केली. ती वर्षं कोण भरून देणार?

या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त खुपतात ते उत्तम गुण. याच न्यायालयापुढे १९८२ साली एमी रोली या कर्णबधिर मुलीचा खटला आला होता. आईवडिलांनी तिच्यासाठी वर्गात दुभाषा मागितला. न्यायालयाने नकार दिला, कारण ती दरवर्षी पास होत होती. न्यायमूर्ती व्हाइट यांनी विरोधी मतात लिहिलं, की दुभाष्याशिवाय तिला वर्गातलं निम्म्याहून कमी कळतं. हुशार पोर उरलेलं अंदाजाने, पुस्तकावरून, घरच्यांच्या मेहनतीवर ओढून नेत होतं. एकीकडे दुभाषा नाही, दुसरीकडे नावापुरता; आणि दोन्हीकडे प्रगतिपुस्तक म्हणतंय, सगळं ठीक आहे.

मूल तक्रार का करत नाही? जे समोर आलंच नाही, ते राहून गेलं हे त्याला समजणार कसं? शिक्षकांना खुणा येत नाहीत. त्यांना फक्त सफाईने हलणारे हात दिसतात. मुख्याध्यापकांचंही तेच. आईबाप बहुतेक वेळा ऐकू येणारे, त्यांचाही त्या भाषेत हात बसलेला नसतो. दुभाष्याची चूक ओळखेल असं त्या खोलीत कोणीच नसतं.

आणि चुकायला जागा पुष्कळ. गणिताच्या बाई म्हणतात, ‘दोनाचा तिसरा घात’. विषय न कळणारा दुभाषा ‘घात’ची कुठली खूण करेल? ‘वर्गमूळ’ आलं तर हात झाडाच्या मुळाकडे जाणार, की संख्येकडे? बाई फळ्याकडे वळून ‘हे इकडे आणा’ म्हणतात, तेव्हा मुलाने फळा पाहायचा की हात? ज्याला वर्ग कळतो तो दुभाषा तिथे क्षणभर थांबतो, मुलाची नजर फळ्यावर जाऊन परत येऊ देतो, मग पुढे जातो. हे न्यायालयात किंवा व्यासपीठावर उत्तम काम करणाऱ्यालाही आपोआप येत नाही. त्यात, दिवसभरात त्या मुलासमोर अस्खलित खुणा करणारा माणूस बहुधा हाच एक. मूल त्याच्याकडून भूगोल शिकतं आणि भाषाही शिकतं. मोडकी भाषा पाहिली, तर मोडकीच उचलेल.

म्हणूनच १९९० च्या दशकात अमेरिकेत ब्रेंडा शिक आणि केविन विल्यम्स यांनी शाळेतल्या दुभाष्यांसाठी वेगळी परीक्षा बांधली. त्यात खऱ्या वर्गाचं चित्रीकरण दाखवतात आणि शिक्षक बोलतात ते खुणांत करायला सांगतात. मग एका कर्णबधिर मुलाच्या खुणा बोलून दाखवायच्या. हा दुसरा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण मुलाने हात वर केला की त्याचं उत्तर वर्गापर्यंत नेणारा आवाज दुभाष्याचाच असतो. गुण शून्य ते पाच. परीक्षकांमध्ये कर्णबधिर व्यक्ती असते. २००६ साली सुमारे २,१०० जणांचे निकाल तपासले, तेव्हा जवळपास ६० टक्क्यांचं कौशल्य मुलाला पूर्ण वर्ग पोचवायला अपुरं निघालं. हे सगळे जण आधीच शाळांच्या कामाशी जोडलेले होते.

आपल्याकडे वाट उशिरा फुटली. कर्णबधिरांच्या शिक्षणावर १८८० साली इटलीत मिलान इथे भरलेल्या परिषदेने खुणांना वर्गाबाहेर काढलं, आणि ओठ वाचून बोलायला शिकवण्याचा आग्रह आपल्या शाळांनीही वर्षानुवर्षं धरला. मुंबईत वांद्र्याच्या, कर्णबधिरांसाठी काम करणाऱ्या अली यावर जंग संस्थेने भारतीय सांकेतिक भाषेचे टप्प्याटप्प्याचे वर्ग चालवले. २०१५ साली दिल्लीत या भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं, २०२१ पर्यंत त्याच्या कोशात १०,००० शब्द आले. दुभाष्यांसाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली पदविका आहे. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने मुलाला योग्य भाषेत शिक्षण देण्याची जबाबदारी शाळेवर टाकली. एवढ्या पायावर उभं राहून पुढचं मागायला हवं.

पदविका हातात आल्यावर, शाळेत पाऊल टाकण्यापूर्वी, वर्गासाठीची वेगळी चाचणी असावी. आठवीच्या बीजगणिताचा चालू तास, मराठी माध्यमाचा, बाईंच्या नेहमीच्या वेगात. त्यानंतर तेरा वर्षांच्या कर्णबधिर मुलीने स्वतःच्या खुणांत विचारलेली शंका, जी दुभाष्याने मोठ्याने बोलून दाखवायची. तपासणाऱ्यांत किमान एक जण कर्णबधिर. दर काही वर्षांनी ती पुन्हा द्यावी. आणि निकालाची प्रत, सोप्या मराठीत, मुलीच्या आईच्या हातात.