लेख परत पाठवतेय

शाळेच्या स्मरणिकेसाठी पाठवलेला तुझा लेख वाचला. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलंय, वाक्यं आटोपशीर झाली आहेत. कौतुक इथे संपलं. आता कान इकडे कर.

‘पाइप, संध्याकाळ आणि माझी लेकरं’ असं शीर्षक दिलंयस. निवृत्तीनंतरचं सुख म्हणून जे रंगवलंस ते असं: सात वाजता दिवाणखान्यातली आरामखुर्ची, हातात ब्रायरचा पाइप, पायाशी लॅब्रॅडॉर, मांडीवर मांजर, वर टांगलेल्या पिंजऱ्यात बजरीगरची जोडी. तंबाखूला चेरीचा वास. ‘घरभर शांतता आणि निळसर धूर’ हे वाक्य तुला फारच आवडलेलं दिसतंय, दोनदा आलंय. आणि मग तो विनोद. तू काडी ओढलीस की मांजर शिंकते, म्हणून तिचं नाव ‘फटाकडी’ ठेवलंस. वाचणाऱ्याने इथे हसायचं असतं. मी हसले नाही. तुला तीन वर्षं विज्ञान शिकवलंय मी. काडी ओढल्यावर मांजर रोज शिंकत असेल तर त्याला विनोद म्हणत नाहीत, लक्षण म्हणतात.

तुझ्याच लेखातल्या गोष्टी तुझ्यापुढे ठेवते, सारवासारव करू नकोस. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी वासाची तक्रार केल्यापासून तू खिडक्या लावून घेतोस. नात राहायला आली की पाइप घेऊन गॅलरीत जातोस. बायको त्या वेळेला देवळात जाते, कारण ‘तिला धूर सोसत नाही’. म्हणजे शेजारीण भांडू शकते, बायको चपला घालून बाहेर पडू शकते, नातीची आई तुला दरडावू शकते. उरलं कोण? ज्यांना दाराची कडी काढता येत नाही ते. त्यांना कोंडायचं, त्यांच्यावर धूर सोडायचा आणि वर लेकरं म्हणायचं! धूर वाईट असतो हे ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय तू स्वतःला ठेवलेली नाहीस. ठाऊक आहे म्हणूनच तर गॅलरीत जातोस.

आता तुझी मखलाशी. सिगारेटवाले धूर छातीत ओढतात, आम्ही पाइपवाले तो तोंडात घोळवून सोडून देतो, म्हणून पाइप सौम्य. घोळवलेल्या धुराने ओठांचा, जिभेचा, घशाचा कॅन्सर होतो, ते तुझं तू बघ. पण तू छातीत घेत नाहीस तो धूर जातो कुठे, याचा विचार केलास? खोलीतच राहतो. शिवाय पाइपच्या भांड्यातून थेट निघणारा धूर वेगळा. एका भरणीत तू दीड-दोन ग्रॅम तंबाखू ठासतोस, सिगारेटीत ती ग्रॅमभरही नसते. पाऊण तास ते धुमसतं. गावाकडचे चिलीम ओढणारे म्हातारे शहाणे होते असं मी म्हणणार नाही, पण ते पारावर बसून ओढायचे. तू सोसायटीच्या बंद फ्लॅटमध्ये बसतोस. त्यांच्या तंबाखूत आणि तुझ्या तंबाखूत फरक पाकिटाचा आणि किमतीचा.

ब्रायरच्या लाकडावर तू अर्धं पान खर्च केलंस. भूमध्य समुद्राकाठचं झुडूप, त्याच्या मुळाशी धरणारी गाठ, फ्रान्समधलं सेंट-क्लोद हे पाइप घडवणाऱ्यांचं गाव, सगळं बरोबर आहे, मी तपासलं. कुत्र्याच्या नाकावर मात्र एक ओळ नाही. ज्या प्राण्याचं सगळं जग नाकात असतं, त्याचं नाक खुर्चीपासून हातभर अंतरावर! कोलोराडो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी धूम्रपान होणाऱ्या घरांतली कुत्री अभ्यासली. १९९२ साली फुप्फुसाचा कॅन्सर पाहिला, तिथे संबंध क्षीण निघाला. आखूड आणि मध्यम नाकाच्या कुत्र्यांत थोडा जास्त. १९९८ साली नाकाचा कॅन्सर पाहिला, तेव्हा लांब नाकाच्या कुत्र्यांत धोका वाढलेला दिसला. कारण सरळ आहे. लांब नाक गाळणीचं काम करतं, धुरातले कण तिथेच अडकतात. आखूड नाकात गाळणी तोकडी, कण खाली छातीत उतरतात. पुरावा जेवढा आहे तेवढाच सांगतेय, फुगवून सांगत नाही. फुगवायची गरजही नाही, कारण मांजराचं प्रकरण याहून गंभीर आहे.

मांजर दिवसातला मोठा वेळ अंग चाटण्यात घालवते. तू लिहिलंस की ती ‘मांडीवर बसून स्वतःला साफसूफ करत असते आणि मी झुरके घेत असतो’. हे दृश्य जरा नीट बघ. धूर वर जातो, थंडावतो, खाली बसतो. तिच्या केसांवर, तुझ्या लेंग्यावर, खुर्चीच्या कापडावर. ती जीभ फिरवते आणि केसांवरचं सगळं पोटात घेते. तू तोंडात घोळवून सोडून दिलेलं ती गिळते. २००२ साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या अभ्यासात धूम्रपान होणाऱ्या घरांतल्या मांजरांना लिम्फोमा हा कॅन्सर होण्याचा धोका २.४ पट आढळला. पाच वर्षं किंवा जास्त काळ अशा घरात राहिलेल्या मांजरांना ३.२ पट. फटाकडी तुझ्याकडे किती वर्षं आहे हे तूच लिहिलंयस: सहा.

‘बाई, ते सगळं सिगारेटचं,’ असं म्हणशील. पान तेच, जळणं तेच, निकोटीन तेच. धुराला चेरीचा वास दिला म्हणून तो उदबत्तीचा होत नाही.

त्या चेरीचंही ऐक. सुगंधी पाइप-तंबाखू ओलसर राहावी म्हणून तिच्यात बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. हा पदार्थ मांजराच्या तांबड्या रक्तपेशींना बाधतो, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९६ साली मांजरांच्या खाद्यात तो वापरायला बंदी केली. तू त्या तंबाखूचं उघडं पाकीट खुर्चीच्या हातावर ठेवतोस. पाइप झटकतोस तो बशीत, आणि बशी टीपॉयवर, लॅब्रॅडॉरच्या बरोबर तोंडाच्या उंचीला. ज्या कुत्र्याने गेल्या दिवाळीत कापडी पिशवीसकट करंज्या खाल्ल्या, असं तूच कौतुकाने सांगतोस, त्याच्या पुढ्यात गोड वासाचं विष!

गणित मांड. ग्रॅमभर तंबाखूत १५ मिलिग्रॅम निकोटीन धर. ५० ग्रॅमच्या पाकिटात ७५० मिलिग्रॅम. कुत्र्याला किलोमागे एक-दोन मिलिग्रॅममध्ये बाधा दिसू लागते, नऊच्या आसपास जीव जाऊ शकतो. तुझा कुत्रा तीस किलोचा. तीस नव्वे दोनशे सत्तर. भागाकार तू कर. आणि कधी असं झालंच, तो लाळ गाळायला लागला, उलट्या झाल्या, पाय थरथरले, तर घरातलं पित्ताचं औषध पाजत बसू नकोस. पोटातलं आम्ल कमी झालं की निकोटीन उलट जास्त भिनतं. गाडी काढ आणि दवाखाना गाठ.

पक्ष्यांबद्दल थोडक्यात सांगते. देशी पोपट पाळला नाहीस हे बरं, १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हाच आहे. पण बजरीगरही पक्षीच. पक्ष्याच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात, श्वास आत घेताना आणि बाहेर सोडतानाही त्याच्या फुप्फुसातून ताजी हवा वाहते. म्हणून हवेत विष असलं तर ते त्याला आधी आणि जास्त लागतं. या एका कारणासाठी इंग्लंडच्या कोळशाच्या खाणीत माणसं पिंजऱ्यात कॅनरी घेऊन उतरत. १९८६मध्ये त्यांनी ते बंद केलं, यंत्रं आली म्हणून. तुझ्या घरात अजून चालू आहे. पिंजरा छताजवळ टांगलाय, धूर जमतो तिथेच.

लेखात आइनस्टाइनना ओढलंस, त्यांच्याही तोंडात पाइप असे म्हणून. ते व्हायोलिनही वाजवत. तुला त्यातलं नेमकं पाइपच उचलावंसं वाटलं? खरं सांगू, तुझं हे चित्र आइनस्टाइनच्या प्रिन्स्टनचं नाहीच. ते हिंदी सिनेमातलं आहे. ड्रेसिंग गाऊन घालून जिना उतरणारा श्रीमंत बाप, तोंडात पाइप, शेजारी अल्सेशियन. त्या कुत्र्याचं बरं होतं. शॉट संपला की त्याला मोकळ्या हवेत नेत.

मोठी नावंच हवी असतील तर फ्रॉइडचं घे. पाइप नव्हे, सिगार. पण कुत्रं आणि धूर दोन्ही आहेत. म्हातारपणी त्याला चाउ जातीच्या कुत्र्यांचा लळा लागला. योफी नावाची कुत्री तर रुग्ण बोलत असताना त्याच्या खोलीत बसून असे. १९२३ साली त्याच्या जबड्याचा कॅन्सर कळला. तीसच्या वर शस्त्रक्रिया झाल्या, तोंडात कृत्रिम टाळू बसवावी लागली, तरी सिगार सुटली नाही. १९३८ साली नाझींपासून सुटून तो लंडनला गेला. तिथल्या नियमाप्रमाणे ल्युन नावाच्या त्याच्या कुत्रीला सहा महिने वेगळं ठेवलं, तर हा ऐंशी ओलांडलेला आजारी माणूस तिला भेटायला तिथे जाई. ती घरी आली. पण १९३९च्या उन्हाळ्यात जबड्याची जखम इतकी सडली की तिचा वास कुत्रीला सोसेना. तो हाक मारी आणि ती खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात अंग चोरून बसे. त्या सप्टेंबरात तो गेला.

मनाचे व्यवहार जगाला उलगडून दाखवणाऱ्या माणसाला ती सवय सोडता आली नाही, म्हणून तुलाही सोपं जाईल असं मी म्हणत नाही. ल्युनला निदान कोपऱ्यात जाता येत होतं. तुझ्या घरात धूर नाही असा कोपरा कुठला?

‘पण बाई, ती आपणहून माझ्यापाशी येतात,’ हे तुझ्या लेखातलं शेवटचं वाक्य. येतातच. कुत्रा तुझ्याजवळ येतो तो तू आहेस म्हणून, धुरासाठी नव्हे. त्याच्या मायेचा दाखला तुझ्या व्यसनाला जोडू नकोस. पाइप नसताना बसून बघ. तरीही येईल.

तेव्हा हा लेख स्मरणिकेत जाणार नाही. संपादक मंडळात मतभेद होता, माझ्यापुरता तो मिटला आहे. आमच्या शाळेच्या अंकात कोणी जनावराला धुरी देण्याला जिव्हाळा म्हटलेलं मी छापू देणार नाही.

आता काय करायचं ते लिहून घे. घरात पाइप पेटवणं आजपासून बंद. गॅलरीत जाणं हा कायमचा उपाय नव्हे, कारण तोच सदरा आणि तेच हात घेऊन तू पुन्हा मांजराला मांडीवर घेणार. सुटेपर्यंत निदान हात धू, कपडे बदल, मग तिला उचल. तंबाखू आणि राख कपाटात, कुलपात. खुर्चीची खोळ, पडदे, कुत्र्याचं अंथरूण धुवून काढ. सोडायला मदत लागली तर लाज बाळगू नकोस, सरकारची १८००-११-२३५६ ही फुकट हेल्पलाइन त्यासाठीच आहे. आणि या आठवड्यात फटाकडीला जनावरांच्या डॉक्टरांकडे ने. शिंक कधीपासून आहे, खोकला आहे का, तोंडात कुठे फोड किंवा गाठ आहे का, सगळं तपासून घे. घरात कोणी ओढतं का, हे डॉक्टर विचारतील. नाही विचारलं तर आपणहून सांग, आणि ते काय म्हणाले ते मला रविवारच्या आत कळव.