स्मरण हे कृत्य आहे

स्मृती ही मनाच्या तिजोरीतील ठेव होय, असे आपण सहज मानतो. अनुभवलेले सारे आत जसेच्या तसे पडून आहे आणि आठवणे म्हणजे त्या ठेवीवर नुसती दृष्टी टाकणे, अशी ही समजूत आहे. तिच्यातून एक नैतिक सवलत आपोआप निघते. केवळ पाहणाऱ्याला दोष कसला? जुना अपमान शंभर वेळा आठवला, म्हणून मी काही केले असे होत नाही. कृत्य काय ते अपमान करणाराचे. ही सवलत न्याय्य आहे काय, ह्याचा विचार करण्यास शरीरशास्त्राने एक अनपेक्षित साधन पुरविले आहे.

शरीर ही एकदा बांधून पुरी झालेली इमारत नव्हे, हे जर्मनी सोडून न्यूयॉर्क येथे आलेल्या रूडॉल्फ शोनहायमर ह्यांनी दाखविले. ओळखता येईल अशा जड नायट्रोजनचे अणू त्यांनी उंदरांच्या अन्नातून दिले, तेव्हा ते पूर्ण वाढलेल्या प्राण्यांच्या प्रथिनांतही जाऊन बसलेले आढळले. जुनी प्रथिने सतत मोडत होती आणि नवी त्यांची जागा घेत होती. हे मोडणे आंधळे नसते. युबिक्विटिन नावाच्या लहानशा प्रथिनाची खूण नकोशा प्रथिनाला चिकटविली जाते आणि मग प्रोटिएसोम नामक यंत्रणा त्याचे तुकडे करते. ह्या शोधाबद्दल आरन चेखानोव्हर, अव्राम हर्श्को व अर्विन रोझ ह्यांस २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हाच व्यवहार मेंदूतही चालतो. एक मज्जापेशी दुसरीस निरोप देते तो दोहोंमधील संधीतून, म्हणजे सिनॅप्समधून. पहिली पेशी ग्लुटामेटसारखे द्रव्य सोडते. दुसरीच्या पृष्ठभागावरील ग्राही नामक प्रथिने ते टिपून घेतात. ग्राही पुष्कळ असले तर हाक मोठी ऐकू येते, थोडे असले तर क्षीण. शिकणे बऱ्याच अंशी ह्याच चढउतारावर अवलंबून असते. ग्राही आत ओढले जातात. काही परत येतात, काही पेशीतच पचून जातात. त्यांना जागी धरून ठेवणारी प्रथिनेही ती खूण लागून नाहीशी होतात. हॅरी एंजलमन ह्या इंग्रज वैद्याने १९६५ साली वर्णिलेल्या विकारात मुलांस बोलणे जवळजवळ येत नाही आणि तोल सावरत नाही. खूण चिकटविणाऱ्या एका प्रथिनाचे काम त्यांच्या मज्जापेशींत बंद पडलेले असते, हे १९९७ साली कळले. न मोडणे हेही व्यंगच ठरते.

आता आठवणीकडे वळू. एका पेटीत शिरले की धक्का बसतो, हे शिकलेल्या उंदरांवर कोरियातील बाँग-किउन कांग व त्यांचे सहकारी ह्यांनी केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. उंदरास ती पेटी पुन्हा दाखवून भीती जागी केली आणि लगेच मेंदूतील नवी प्रथिने घडणे औषधाने थांबविले, तर पुढे ती भीती ओसरलेली दिसते. परंतु त्याच वेळी प्रोटिएसोमचे कामही थांबविले, तर भीती टिकून राहते. अर्थ असा की, आठवताच जुनी बांधणी काही अंशी मोडली जाते आणि मग पुन्हा बांधली जाते.

उंदरावरून मनुष्यावर एकदम उडी घेणे बरे नव्हे. प्रत्येक आठवण प्रत्येक वेळी अशी सैल होते, असेही नाही. तथापि तिजोरीची उपमा डळमळीत झाली, एवढे खास. जी वस्तू पाहताना मोडते आणि पाहणाऱ्याच्याच हातून पुन्हा घडते, तिच्याबाबत "मी केवळ पाहिले" असे म्हणता येत नाही. वाटणीच्या वेळी भावाने काढलेला एखादा कठोर शब्द घ्या. बारा वर्षे तो घरात सांगितला जातो, मुलांना ऐकविला जातो. बारा वर्षांनंतर जो शब्द उरतो तो एकट्या भावाचा नसतो. सांगणाराचाही त्यात वाटा असतो.

ह्यावर कोणी म्हणेल, मग ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच आपण दोषी ठरविता! तसे मुळीच नाही. अन्यायाचे ऋण अन्याय करणारावरच राहते, आणि "आता विसरून जा" असे म्हणण्याचा अधिकार त्याला ह्या शास्त्राने दिलेला नाही. पुन्हा बांधणे म्हणजे पुसून टाकणेही नव्हे. साक्षीदाराने सत्य जपावे ह्यासाठीही हाच विचार उपयोगी आहे. कारण सत्यसुद्धा आपोआप टिकत नाही, ते दर वेळी प्रामाणिकपणे पुन्हा उभारावे लागते.

दिलेल्या वचनाचेही असेच आहे. ज्या कणांनी वचन दिले ते आज उरले नाहीत, म्हणून मी मोकळा, हा युक्तिवाद टिकत नाही. निष्ठा कधीच कणांत नव्हती. मोडत जाणारे पुन्हा पुन्हा उभे करण्यात ती होती. आपण काय आठवतो हे पुष्कळदा आपल्या हाती नसते. परंतु आठवलेले कोणत्या भावनेने परत ठेवतो, ह्याचा जाब मात्र आपल्यालाच द्यावा लागतो.