देव्हाऱ्याची चकाकी

गेवराईत सुताराकडे सागवानी देव्हारा करायला टाकला की शेवटी प्रश्न निघतो पॉलिशचा. रंधा मारून, पॉलिश पेपरने घासून झालेले असते. वेलबुट्टीला ऑइल पेंट, बाकी लाकडाला स्टेनर लागलेला असतो. आता वरून चपडा की लॅकर? गिऱ्हाईक जैन असेल, तर हा प्रश्न नुसता भावाचा राहत नाही.

चपडा म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांतला रस शोषणारा बारीक किडा ती अंगातून सोडतो आणि मादी त्याच कवचात बंद होऊन मरते. श्रावकांना वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत म्हणूनच 'लाक्षावाणिज्य' आहे. मनुस्मृतीही लाख विकणाऱ्या ब्राह्मणाला मांस विकणाऱ्याच्या पंगतीला बसवते. (त्याच पंगतीत मीठ विकणाराही आहे, तेव्हा मनूला किड्यांची कणव आली असे समजायची घाई नको.) उलट सावंतवाडीचे चितारी दशावतारी गंजिफा पत्त्यांच्या १२० पानांवर अवतार रंगवत आणि वर लाखेचाच हात देत.

खरी मेख कापणीच्या वेळेत आहे. पिल्ले बाहेर पडून नव्या फांदीवर गेली, की मागे उरते ती फुंकी लाख. तोवर आई मेलेलीच असते. त्याआधीच फांदी छाटली तर ती अरी लाख, आणि तिच्यात अख्खी पिढी जाते. दुकानातल्या चपड्याच्या पिवळसर पापडीकडे पाहून यातले काही कळत नाही.

मग लॅकर घ्यावे? एनसी लॅकरमधले नायट्रोसेल्युलोज कापसापासूनही बनते, आणि कापूस तर गेवराईच्या शिवारातलाच. त्या कपाशीवर बोंडअळीसाठी किती फवारे मारतात, हे इथल्या कुणाला सांगायला नको! शिवाय वेलबुट्टीच्या ऑइल पेंटवर थेट लॅकर मारले, तर थिनर खालचा रंग उचलतो, सुरकुत्या पडतात. ते टाळायला कसबी कारागीर मधे एक हात देतो. कशाचा? चपड्याचाच.

किड्याचा जीव मोजणे हास्यास्पद नाही. ती नजर फार थोड्या परंपरांनी कमावली. पण हिशेब किड्यापाशी सुरू होऊन कारागिराला वगळत असेल, तर तो खोटा आहे. स्थानकवासी साधू-साध्वी हवेतल्या सूक्ष्म जीवांसाठी तोंडाला मुहपत्ती बांधतात. लॅकरचा स्प्रे मारणाऱ्याच्या तोंडावरही बहुधा रुमाल असतो, पण रुमालाने थिनरची वाफ अडत नाही. त्यासाठी कोळशाची गाळणी असलेला मास्क लागतो. देव्हाऱ्याच्या खर्चात तोही धरावा.