सेवा आणि अधिकार

ज्या शब्दाचा आपल्या समाजांत मनापासून गौरव होतो आणि दुरुपयोगही तितक्याच सहजपणें होतो, असा एक शब्द म्हणजे ‘सेवा’ होय. रुग्णालयांतील परिचारिकेला आपण ‘सिस्टर’ म्हणतों, १२ मे या फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिवशीं तिला फुलें देतों, आणि तिच्या कामास पुण्यकर्म म्हणून मोकळे होतों. परंतु त्या कामांत तिचा शब्द किती चालतो, हें आपण विचारीत नाहीं. तिनें स्वतः विचारलें, तर तें सेवावृत्तीस न शोभणारें ठरतें. जी सेवा करते तिनें अधिकार मागावा काय?

आमच्या परभणी जिल्ह्यांत या प्रश्नाचा आरंभ गोदाकांठच्या गंगाखेडपासून करणें उचित होईल. हें जनाबाईचें गांव. नामदेवांच्या घरीं ती दासी होती. दळण, कांडण, झाडलोट हा तिचा नित्यक्रम. तिची सेवा आपण आदर्श मानतों. पण हें विसरतों कीं, आपल्या अभंगांत तिनें आपलें नांव स्वतः घातलें, आणि तिच्या अभंगांतला देव दुरून आशीर्वाद देत नाहीं, तर तिच्याबरोबर दळावयास बसतो. कष्टणाऱ्याची थोरवी गाणें निराळें, आणि त्याच्या जात्याच्या खुंट्याला हात लावणें निराळें. जनाबाईनें दुसरें मागितलें. आपण परिचारिकेला पहिलें देतों.

कांहीं वर्षांपूर्वीं या जिल्ह्यांतील एका रुग्णालयांत एका वृद्ध आप्ताच्या उशाशीं आम्हांस तीन रात्री काढाव्या लागल्या. दुसऱ्या रात्रीं पाळीवर असलेल्या परिचारिकेनें रुग्णाच्या श्वासाची बदललेली लय ओळखली व डॉक्टरांस कळविलें. ‘सकाळीं पाहूं’ असें उत्तर आलें. तिनें पुन्हां कळविलें, नंतर तिसऱ्यांदा. तेव्हां उपचार झाला व रुग्ण वांचला. पहाटे आम्हीं तिचे आभार मानले. ती म्हणाली, “आभार कशाला, काका? पहिल्यांदा सांगितलं तेव्हांच ऐकलं असतं, तर बरं वाटलं असतं.” कामांतील समाधानाची इतकी नेमकी व्याख्या आमच्या वाचनांत आलेली नाहीं.

पगार, पाळ्या व माणसांची संख्या यांचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु रोझाबेथ मॉस कँटर या अमेरिकन विदुषीनें १९७७ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, मनुष्य कामांत खचतो तो बहुधा स्वभावदोषानें नव्हे, तर माहिती, साधनें, पाठबळ आणि वाढीची संधि यांपासून दूर ठेवला गेल्यामुळें. पुढें कॅनडांत हेदर लॅशिंजर यांनीं हाच विचार परिचारिकांच्या कामास लावून पाहिला.

यावर आक्षेप येईल कीं, रुग्णालय ही वादसभा नव्हे. संकटसमयीं एकाचीच आज्ञा चालली पाहिजे, कारण जाबही त्यालाच द्यावा लागतो. आक्षेपाचा पूर्वार्ध आम्हांस मान्य आहे. उत्तरार्ध मात्र अनुभवास धरून नाहीं. ६ नोव्हेंबर २०२१ रोजीं तेव्हांच्या अहमदनगर येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागून त्या दिवशीं अकरा रुग्ण दगावले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ज्या चौघींना अटक झाली, त्यांत एक डॉक्टर व तीन परिचारिका होत्या. दोष कोणाचा हें ठरविणें न्यायालयाचें काम. आमचा प्रश्न इतकाच कीं, विजेची व्यवस्था किंवा आग विझविण्याचीं साधनें यांविषयीं निर्णय घेण्याचा अधिकार जिच्याकडे नसतो, ती जाब देतांना पुढच्या रांगेंत कां? अधिकारावांचून लादलेल्या जबाबदारीस आपल्या भाषेंत जुना शब्द आहे—वेठ.

याच्या उलट एक उदाहरण आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग यांजवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं तेथल्याच एका कर्मचाऱ्यानें अमानुष हल्ला केला. त्या पुन्हां कधीं उठल्या नाहींत. १८ मे २०१५ रोजीं त्यांचा अंत होईपर्यंत, म्हणजे सुमारें साडेएक्केचाळीस वर्षें, परिचारिकांच्या पिढ्यांनीं त्यांस जगविलें. त्यांच्या दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां ७ मार्च २०११ च्या निकालांत न्यायालयानें असें मानलें कीं, त्यांच्या वतीनें बोलण्याचा हक्क अर्जदार लेखिकेचा नसून, त्यांची अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या सेवकवर्गाचा आहे. दयामरणाविषयीं कोणाचें मत कांहींही असो. या निर्णयांतील तत्त्व मोलाचें आहे. जो रोज जवळ असतो त्याला कांहीं कळतें, आणि ज्याला कळतें त्याला बोलण्याचा अधिकार असतो. तो अधिकार सेवेच्या आड येत नाहीं. तो सेवेंतूनच उपजतो.

परभणीस २०२३ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. तेथून बाहेर पडणाऱ्या तरुण डॉक्टरांस आमची एवढीच विनंती आहे कीं, रात्रपाळीच्या बाईनें पहिल्यांदा सांगितलें तेव्हांच त्यांनीं ऐकावें. मग १२ मे रोजीं फुलें द्यावयाचीं राहिलीं तरी चालेल.