खंडणी आणि मुंडकी

जपानचा सामुराई आणि युरोपातला नाइट यांची तुलना निघाली की चर्चा लगेच निष्ठा, धर्म आणि मृत्यूच्या तत्त्वज्ञानाकडे वळते. त्याआधी एक रोकडा प्रश्न विचारायला हवा: हरलेल्या योद्ध्याचे मोल कशात होते? युरोपात ते जिवंत कैद्यात होते. १३५६ साली प्वातियेच्या लढाईत फ्रान्सचा राजा दुसरा जाँ इंग्रजांच्या हाती लागला. त्या रात्री इंग्लंडच्या युवराजाने त्याला स्वतःच्या हाताने जेवण वाढले, असे इतिवृत्तकार फ्रॉसार सांगतो. पुढे १३६० च्या तहात त्याच्या सुटकेची किंमत तीस लाख एक्यू ठरली. जपानमध्ये पराक्रमाचा पुरावा म्हणजे शत्रूचे मुंडके. ते धुऊन, केस विंचरून, नावाची चिठ्ठी लावून सरदारापुढे मांडत आणि त्यावरून इनाम ठरे. जिथे माणसाला भाव होता तिथे शरणागतीत अब्रू राहिली; जिथे शिराला भाव होता तिथे ती नामुष्की झाली.

यावर कोणी म्हणेल की सामुराईची स्वामिनिष्ठा व्यवहारापलीकडची होती. मग १५८२ मध्ये अकेची मित्सुहिदे आपल्याच धन्यावर, ओदा नोबुनागावर, उलटला कसा? १६०० साली सेकिगाहाराच्या रणात कोबायाकावा हिदेआकीने ऐन लढाईत बाजू बदलली, ती का? नाइटांची उदारताही हिशेबाबाहेरची नव्हती: १४१५ मध्ये आझँकूरला पुन्हा हल्ल्याची भीती वाटताच पाचव्या हेन्रीने कैद्यांच्या कत्तलीचा हुकूम दिला.

खरी अडचण सत्तेचाळीस रोनिनांची, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंची आहे. धन्याच्या मृत्यूचा सूड घेतल्यावर १७०३ साली त्यांच्यापैकी सेहेचाळीस जणांनी शिक्षा म्हणून सेप्पुकू, म्हणजे स्वतःचे पोट चिरून मरण, पत्करले; त्यात इनाम कुठले? पण तोवर मोठी युद्धे थांबून दोन पिढ्या उलटल्या होत्या. तांदळाच्या तनख्यावर जगणाऱ्या सामुराईपाशी आपला दर्जा सिद्ध करायला रणांगणच उरले नव्हते. मृत्यूचा गौरव करणारे ‘हागाकुरे’ हे पुस्तक याच शतकात, कधीही लढाई न पाहिलेल्या यामामोतो त्सुनेतोमोच्या तोंडून उतरले. म्हणजे सामुराईच्या आचारसंहितेला धार चढली ती शांततेत.

पण म्हणून ही मूल्ये ढोंगी ठरत नाहीत. आपल्या खंडणीपोटी ओलीस ठेवलेला मुलगा पळाल्यावर राजा जाँ १३६४ मध्ये आपण होऊन लंडनच्या कैदेत परतला आणि तिथेच वारला. खंडणीचा व्यवहार शब्दावर चालतो, हे त्याला ठाऊक असणारच. पण त्या शब्दासाठी त्याने मोजलेली किंमत कुठल्याही हिशेबात बसत नाही. सन्मानाचे नियम स्वार्थातून जन्मतात, पण एकदा रुजले की माणसाला स्वार्थाविरुद्धही उभे करतात.