परमुलखातली सेवा आणि घरचा आजारी

एका आषाढीच्या वाटेवर वेळापूरच्या मुक्कामी आमच्या दिंडीतले एक वृद्ध माळकरी पाय पसरून बसले होते. त्यांचा नातू, वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, त्यांच्या टाचेचे फोड बांधीत होता. बांधता बांधता त्याने सांगितले की, परीक्षा आटोपली की महिनाभर नेपाळातल्या डोंगरी गावांत डॉक्टरांच्या पथकाबरोबर जायचे ठरले आहे. म्हातारबुवा गप्प राहिले. नातू पाणी आणायला उठला तसे आमच्याकडे वळून म्हणाले, "महाराज, आमच्या गावात रात्री डॉक्टर मिळत नाही. विंचू चावला तर तालुक्याला पळावं लागतं. आणि हे पोर परमुलखात सेवा करणार! ही सेवा म्हणायची, का हौस?"

प्रश्न बोचरा होता आणि खराही होता. आम्हांस लगेच उत्तर सुचले नाही.

मग आठवण झाली ती सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची. पंढरपूर ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यातला हा माणूस. १९३८ साली जपानने चीनवर चढाई केलेली होती, तेव्हा हिंदुस्थानच्या राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे पाठविले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि हे कोटणीस. मुंबईत पदवी घेऊन पुढच्या परीक्षेची तयारी चालली होती. वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. आपला देश तेव्हा स्वतः पारतंत्र्यात, दवाखाने मोजके. म्हणजे म्हातारबुवांचा प्रश्न त्या दिवशीही विचारता आला असता, आणि कोणी विचारला नसेल असे आम्हांस वाटत नाही.

तिकडे गेल्यावर त्यांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. इकडे रोगी डॉक्टरापुढे हात जोडून उभा राहतो. परमुलखात डॉक्टरच मुका होतो! कुठे दुखते हे विचारायलासुद्धा रोग्याकडूनच शब्द शिकावा लागतो. कोटणीसांनी चिनी भाषा शिकून घेतली आणि पुढे त्याच भाषेत तिथल्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकविली. १९४० साली एका लढाईत ते सलग ७२ तास शस्त्रक्रिया करीत उभे होते, अशी नोंद आहे. डॉ. बेथ्यून नावाचे एक कॅनडाचे सर्जन तिथेच काम करीत असत. शस्त्रक्रियेच्या वेळी बोट कापून रक्त दूषित झाले आणि १९३९ साली ते वारले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपण १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. त्याच वर्षी तिथल्याच परिचारिकांना शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचे लग्न झाले. मुलाचे नाव ठेवले यिन्हुआ. यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन. परका कोण आणि आपला कोण, हा हिशेब त्या घरात एका पाळण्यातच मिटला होता.

पण इथे थांबून नुसते वाहवा म्हणणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. ते चीनमध्ये असतानाच इकडे वडील गेले. मुलगा परतला नाही. पुढे अपस्माराचे झटके येऊ लागले, तरी काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, देह ठेवला, तेव्हा यिन्हुआ काही महिन्यांचा होता. बाकीचे चौघे मायदेशी आले. मग सोलापूरच्या त्या घराने काय मिळविले? आमच्यापाशी याचे उत्तर नाही. एकाच्या सेवेची किंमत दुसऱ्याने, न विचारता, मोजलेली असते एवढेच दिसते.

आता महिन्याभराच्या सेवेबद्दल. वारीत हवशे, नवशे, गवशे सगळेच येतात, कोणाला कोणी हाकलीत नाही. हौशीने आलेला एखादा चालता चालता बदलतो, हे आपण पाहिलेले आहे. तेव्हा हौस असणे हा दोष नव्हे. दोष दुसरीकडे आहे. इथे ज्या हाताला अजून टाका घालू देत नाहीत, त्या हाताला तिथे सुरी द्यावी, कारण तिथला गरीब विचारणार नाही, हे पाप आहे. रोग्याच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढावे आणि त्याचे नावही विचारू नये, हेही तसेच. उलट परमुलखात सलाईनची एक बाटली दोघांत कशी पुरवावी या विवंचनेत एक रात्र काढलेले पोर आपल्या गावच्या दवाखान्यात रिकामे कपाट पाहील, तर त्याला ते पूर्वीसारखे दिसणार नाही. कदाचित दिसेलही. माणसाची खात्री कोणी द्यावी?

आम्ही हे सारे म्हातारबुवांना सांगत होतो, तोवर नातू पाण्याचा तांब्या घेऊन आला. आम्ही त्याला विचारले, "बाळ, तिथे करणार काय?"

"पट्ट्या बांधणं, रक्तदाब घेणं, वजनं लिहिणं. मोठं काम मोठे डॉक्टर करतील."

"आणि बोलणार कसं?"

"थोडं शिकतोय. 'कहाँ दुख्छ?' म्हणजे, कुठे दुखतं."

म्हातारबुवांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला, दुख्छ, दुख्छ, आणि बांधायचा राहिलेला दुसरा पाय पुढे केला.